बलस्थान: अप्पांचा हात

माझ्या धाकट्या भावाने दुकानाच्या भिंतीवर चार चौकोन आखले आणि चारही वाकडे आखले. पाट्या रंगवणाऱ्याच्या घरात जन्मून याला सरळ रेघ मारता येत नाही. खडू लावलेली दोरी समोर खिळ्याला लटकत होती. दोन्ही टोकं ताणून एक टिचकी मारली असती तर काम झालं असतं. पण साहेबांनी जाड मार्कर उचलला आणि हातानेच रेघा ओढल्या.

"भिंत खराब होतेय," मी म्हटलं.

"ताई, भिंत महत्त्वाची नाही. विचार महत्त्वाचा आहे."

विचार त्याचा होता आणि भिंत दोन महिन्यांपूर्वी मी रंगवली होती.

रविवार होता, दुकान बंद होतं, आणि आम्ही बाकीचे चौघं त्याच्यासमोर शाळेतल्या मुलांसारखे बसलो होतो. अप्पा, म्हणजे आमचे वडील, मधल्या खुर्चीत. धाकट्याची बायको वही घेऊन. शिडीवाले काका, जे तीस वर्षं आमच्या पाट्या उचलून नेतात आणि भिंतींवर टांगतात, ते दाराजवळ, कारण ते नेहमी दाराजवळच बसतात. आणि मी, घरातली थोरली, वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही, माडीवरच्या खोलीत राहते. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते माझ्या तोंडावर मारलं जाणार आहे.

धाकटा नऊ वर्षं दुसऱ्या शहरात पंखे विकत होता. दीड वर्षापूर्वी नोकरी गेली आणि तो परत आला. तो म्हणतो, "मी परत यायचा निर्णय घेतला." येताना बायको आणली आणि स्टिकर कापायचं मशीन आणलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! ते मशीन चालतं, हे मात्र मला कबूल करावं लागतं. कबूल करायला मला मुळीच आवडत नाही.

तर या नागोबाने तिकडे पंखे विकता विकता तीन दिवसांचा कुठलासा अभ्यासवर्ग केला होता आणि तिथून हे चार चौकोन घेऊन आला होता. त्याला स्वॉट म्हणतात. एका चौकोनात आपली बलस्थानं लिहायची, दुसऱ्यात कमकुवत बाजू, तिसऱ्यात संधी, चौथ्यात धोके. पहिले दोन आपल्या आत असतात, बाकीचे दोन बाहेरून येतात. चारही भरले की काय करायचं ते आपोआप दिसतं म्हणे.

"दुकानालाच नाही, माणसालाही चालतं हे," धाकटा सांगत होता. "नोकरी धरावी का सोडावी, घर घ्यावं का नाही, सगळ्याला."

"माझंही काढलं होतं यांनी, लग्नाआधी," त्याची बायको लाजत म्हणाली. "मी संधीत होते."

"आणि धोक्यात कोण होतं गं?" मी विचारलं.

"माझी आई."

काका खो खो हसले. मीही हसले. ती मुलगी वाईट नाही, फक्त चुकीच्या माणसाकडे कौतुकाने बघते.

मग धाकटा मुद्द्यावर आला. पुढच्या आठवड्यात दुकानाच्या भागीदारीचा कागद करायचा. कुणाचा किती वाटा आणि हाताने पाट्या रंगवणं चालू ठेवायचं का बंद करायचं, हे या चौकोनांवरून ठरवू. अप्पांनी मान हलवली. मी अप्पांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आता कागदाचं सांगते. सहा वर्षांपूर्वी अप्पा एका दवाखान्याची पाटी रंगवताना शिडीवरून पडले. उजवा खांदा मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा हात छातीपर्यंतच उचलता येत होता. कप धरता येई, पेन धरता येई, पण ब्रशने लांब रेघ ओढायला गेलं की अर्ध्यावर हात गळून पडे. आमच्याकडे काचेवर सोन्याच्या वर्खाची अक्षरं होतात. वकिलांची दारं, सोनारांच्या काचा, जुनी औषधांची दुकानं. ती काचेच्या आतल्या बाजूने उलटी काढावी लागतात, म्हणजे रस्त्यावरून सुलटी दिसतात. त्याला हात लागतो, आणि अप्पांचा हात सगळ्या शहराला माहीत होता.

त्या दिवशी अप्पांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर रडले. म्हणाले, "लोक माझ्या हाताकडे येतात. हात गेला हे कळलं तर दुकान गेलं. तू कर. मी शेजारी बसतो. ही गोष्ट चार भिंतींत ठेव, निम्मं दुकान तुझ्या नावावर करतो."

मी ठेवली. सहा वर्षं रोज नऊ वाजता मागच्या खोलीचं दार बंद व्हायचं. आत मी रंगवायची आणि अप्पा स्टुलावर बसून पेपर वाचायचे. कोपऱ्यातली त्यांची सहीसुद्धा मीच काढायची. एक वाजला की अप्पा उठायचे, माझ्या वाटीतला थोडा रंग दोन बोटांना लावायचे, आणि फडक्याला हात पुसत पुसत बाहेर जायचे. बाहेर गिऱ्हाईक उभं असायचं. ते म्हणायचं, "अप्पा, या वयात काय हात आहे तुमचा!" अप्पा म्हणायचे, "चालतंय आपलं."

धाकट्याला आणि त्याच्या बायकोला वाटायचं, मी आत रंग कालवते आणि ब्रश धुते. काकांना खरं माहीत होतं. ओल्या पाट्या उचलणाऱ्याला कुणाचा हात रंगलाय ते दिसतंच. पण काका कधी बोलले नाहीत.

आणि निम्म्या दुकानाचा कागद आज करू, उद्या करू असं करत सहा वर्षं झाला नव्हता. म्हणून त्या रविवारी मी त्या वाकड्या चौकोनांसमोर गुमान बसले. माझं जे काही होतं ते त्या भिंतीवर ठरणार होतं.

धाकट्याने प्रत्येकाला चार रंगांच्या चार चिठ्ठ्या दिल्या. "नाव लिहायचं नाही. आणि डाव्या हाताने लिहा, म्हणजे अक्षरावरून कुणी कुणाला ओळखणार नाही. मनातलं लिहा, घाबरू नका." चिठ्ठ्या रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या होत्या.

मला एकदम बरं वाटलं. मी म्हटलं, हे ठीक आहे. अप्पांना तोंडाने बोलायला लाज वाटते, पण इथे कुणाला कळणार नाही कुणी लिहिलंय. आज ते लिहितील. चार शब्द पुरे होते. मी माझ्या बलस्थानाच्या चिठ्ठीवर डाव्या हाताने लिहिलं, "अप्पांचा शब्द." त्यांना आठवण व्हावी म्हणून लिहिलं. मी फटकळ आहे असं सगळे म्हणतात, पण मूर्खही आहे हे कुणी सांगत नाही.

धाकट्याने डबा उपडा केला, चिठ्ठ्या रंगांप्रमाणे लावल्या आणि मोठ्याने वाचायला लागला.

"बलस्थानं. पहिली, अप्पांचा हात." त्याने चिठ्ठी भिंतीवर चिकटवली. "दुसरी, अप्पांचा हात. तिसरी, अरे वा, अप्पांचा हात!" बायकोने टाळी वाजवली. "चौथी, अप्पांचा शब्द. हे पण छान आहे, म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास. आणि पाचवी..." तो थांबला आणि हसायला लागला. "पाचवी, थोरली. ती कुठे जाणार?"

सगळे हसले. "ताई, खूश हो," धाकटा म्हणाला, "कुणीतरी तुला बलस्थानात घातलंय!"

मी भिंतीकडे बघत होते. अप्पांचा हात लिहिलेल्या तीनही चिठ्ठ्यांवर अक्षरं सुरुवातीला ऐसपैस होती आणि शेवटी जागा संपली म्हणून कडेला चेंगरलेली. त्या धाकट्याच्या, त्याच्या बायकोच्या आणि काकांच्या. पाचव्या चिठ्ठीवरची अक्षरंही वेडीवाकडीच होती, डाव्या हाताची, पण प्रत्येक दोन अक्षरांमध्ये सारखी जागा होती. डावीकडे जेवढी कोरी जागा, तेवढीच उजवीकडे. मी चौदा वर्षांची असताना अप्पांनी मला पाटीसमोर उभं करून सांगितलं होतं की अक्षर कुणालाही शिकवता येतं, अक्षरांमधली जागा शिकायला दहा वर्षं लागतात. ती एकदा हातात बसली की मग हात कुठला आहे याने फरक पडत नाही. त्या घरात ती जागा दोघांनाच येत होती, आणि माझी चिठ्ठी चौथी होती.

अप्पांनीही माझी चिठ्ठी ओळखली असणार. ती चिकटवली तेव्हा ते तिच्याकडे बघत होते, मग खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढचं मी अर्धवटच ऐकलं. कमकुवत बाजूंमध्ये दोन चिठ्ठ्यांवर माझं तोंड होतं. एकीवर "ताईंचा स्वभाव," दुसरीवर "गिऱ्हाइकांवर खेकसणं." धोक्यांत अप्पांचं वय. संधींमध्ये सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, नवीन हॉटेल. चौकात मोठं हॉटेल उघडणार होतं आणि त्याच्या बाराही काचेच्या दारांवर सोन्याच्या वर्खाची अक्षरं हवी होती.

दुपारी सगळे पांगल्यावर मी अप्पांना मागच्या खोलीत गाठलं.

"तुम्ही लिहिलंत."

"काय?"

"अप्पा, मला शिकवलंत तुम्हीच. आता मलाच वेड पांघरून दाखवू नका."

ते स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं, मी लिहिलं. खोटं आहे का?"

इतक्या शांतपणे विचारलं, जसा रंगाचा भाव विचारावा.

"मी तुला बलस्थानात घातलं," ते म्हणाले. "बाकीच्यांनी तुझं तोंड काढलं, त्यांना जाऊन विचार की."

"मी कुठे जाऊ शकत नाही, हे तुमचं बलस्थान?"

"दुकानाचं. माणूस टिकतं, हे दुकानाचं बळच असतं. मशीनवर बसलेली पोरं सहा महिन्यांत सोडून जातात."

"आणि कागद? निम्मं म्हणाला होतात."

अप्पांनी पेपर उचलला आणि त्याची घडी घालायला लागले. "धाकट्याला संसार आहे. उद्या मुलंबाळं होतील. तुला एकटीला काय लागतं? जेवणखाण आहे, माडी आहे. तुला कुणी जा म्हणतंय का?"

सहा वर्षं मी त्यांना घाबरट समजत होते, आणि घाबरट माणसाची दया येते म्हणून गप्प बसत होते. त्या दुपारी मला कळलं की ते घाबरट नव्हते. त्यांनी हिशेब नीट मांडला होता, धाकट्याच्या चार चौकोनांची त्यांना गरजच नव्हती. मी तिथून उठले ती काही न बोलता, आणि ज्यांना माझं तोंड माहीत आहे त्यांना यावरून समजेल मला किती राग आला होता.

बाहेर काका दोरखंड गुंडाळत होते. "तुम्हाला माहीत असून तुम्ही अप्पांचा हात लिहिलंत," मी म्हटलं.

काकांनी मान खाली घातली. "मला इथेच दिवस काढायचेत, पोरी. मी दुसरं काय लिहू?"

सोमवारी धाकट्याने निकाल जाहीर केला. चहाचे कप घेऊन आम्ही परत बाकांवर.

"बलस्थान वापरून संधी साधायची, हे स्वॉटचं मुख्य सूत्र आहे," तो म्हणाला. "आपलं बलस्थान कोणतं? अप्पांचा हात. संधी कोणती? हॉटेल. मी हॉटेलच्या मालकीणबाईंशी बोललो. बारा दारं आपल्याला मिळू शकतात. त्यांची एकच अट आहे, त्यांना अप्पांना काम करताना बघायचंय. मग माझ्या डोक्यात आलं, एकट्या त्यांनीच का बघायचं? मागच्या खोलीची भिंत काढू आणि तिथे काच लावू. रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल, अप्पा आत बसून सोन्याची अक्षरं काढतायत!"

अप्पांचा चहा बशीत सांडला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला हसू आवरेना, म्हणून मी उठून कपच धुवायला घेतले. मागून अप्पांचा आवाज येत होता. काचेमुळे उजेड डोळ्यावर येईल. रस्त्याची धूळ येईल. सोन्याचा वर्ख इतका हलका असतो की श्वासाने उडतो, लोकांची ये-जा नको. सगळं खरं होतं, आणि धाकट्याकडे सगळ्याला उत्तर होतं. पडदा लावू, दार रबराचं बसवू, पंखा बंद ठेवू. पंखे विकलेला माणूस पंखा बंद ठेवायला तयार झाला, म्हणजे गोष्ट किती पुढे गेली होती बघा.

"बाई गुरुवारी अकराला येतायत," धाकटा म्हणाला. "अप्पा, एकच अक्षर काढून दाखवा. बाकी मी बघतो."

मग त्याने कागद टेबलावर ठेवला. भागीदारीचा. दोन नावं होती, अप्पांचं आणि त्याचं. माझ्यासाठी खाली एक ओळ होती, की मला महिन्याचा पगार मिळेल आणि माडीवरची खोली वापरता येईल. "कायमची, ताई. मी मुद्दाम घालायला लावलं," तो म्हणाला, आणि खरंच त्याला वाटत होतं त्याने माझ्यावर उपकार केलेत. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याला मी फार दोष देऊ शकत नव्हते, त्याला जे दाखवलं गेलं तेच त्याने लिहिलं होतं. तरी मी द्यायचा तेवढा दिला. कागद गुरुवारी सह्या करून पक्का होणार होता.

मंगळवारी गवंडी आला आणि मागच्या खोलीची भिंत फोडली. बुधवारी काचवाला माप घेऊन गेला. भिंतीच्या जागी मोठं भोक होतं, आणि त्याला धाकट्याच्या बायकोने जुनी चादर बांधली होती. त्या चादरीआड अप्पा माझ्याशी कुजबुजत बोलत होते.

"काहीतरी कर."

"मी काय करू?"

"तूच सांग त्याला, काच नको म्हणून. तुझं तोंड चालतं ना?"

"माझं तोंड कमकुवत बाजूत आहे, अप्पा. बाहेर चिकटवलंय बघा." मला स्वतःचाच आवाज आवडला. "एक करा. दोघांना बोलवा आणि खरं सांगा. तो काही तुम्हाला घराबाहेर काढत नाही. हात माझा आहे म्हणा. कागदात माझं नाव येईल, बाईंसमोर मी अक्षर काढीन, आणि हॉटेलचं काम आपलं होईल. कुणाचंच नुकसान नाही."

"सहा वर्षं गिऱ्हाइकांना फसवलं म्हणतील लोक."

"फसवलंच आहे."

त्यांचा डावा हात उजव्या खांद्यावरून फिरत होता. म्हातारे झालेत, असं मला वाटलं, आणि त्या एका विचाराने मी परत फसले.

"गुरुवारी सकाळी सांगतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो. बाई यायच्या आधी."

"शब्द?"

"शब्द."

गुरुवारी मी लवकर उठले. ब्रश स्वच्छ केले, वर्खाचं पुडकं काढून ठेवलं, एक काच पुसून उभी केली आणि तिच्यावर मापाच्या रेघा मारल्या. स्वच्छ धुतलेले कपडे घातले. अनोळखी बाईंसमोर पहिल्यांदा उघड्यावर काम करायचं म्हणून धाकधूक होती. आनंदही होता, ते लपवून काय करू? त्रेचाळीसाव्या वर्षी मला माझ्याच कामावर माझं नाव घालायला मिळणार होतं.

दहाला सगळे जमले. टेबलावर कागद, पेन. काका दाराजवळ. अप्पा स्टुलावर बसले होते ते उठले.

"मला सांगायचंय," ते म्हणाले.

धाकटा वळला. मी काचेजवळ उभी होते, माझ्या हातात ब्रश होता.

अप्पांनी डाव्या हाताने उजवा खांदा धरला आणि परत खाली बसले. "माझा हात गेला."

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"आज सकाळी उठलो तर वर जाईना. बघ." त्यांनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि मांडीवर पडला. त्यात नाटक काही नव्हतं. सहा वर्षं तो असाच पडत होता.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. तो अप्पांच्या पायाशी बसला, त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागला. "डॉक्टरला फोन लाव!" तो बायकोला ओरडला. ती गरम पाण्याची पिशवी आणायला धावली होती, तिथूनच रडत परत आली. "एवढी अक्षरं काढली या हाताने," ती म्हणाली, "कालपर्यंत काम करत होते हो!" काका जमिनीकडे बघत होते. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

आज सकाळी, म्हणाले. दोन शब्दांत माझी सहा वर्षं त्यांनी खिशात घातली. दंतवैद्याची काच, शाळेचं मोठं दार, चौकातल्या औषधांच्या दुकानाची ती हिरवी-सोनेरी पाटी जिच्यापुढे लोक थांबतात, सगळं त्यांचं झालं. खोटं बोलायला लागले तेव्हा निदान मला विचारलं होतं. आता विचारलंही नाही. मला असा संताप आला की समोरची काच फोडावीशी वाटली, आणि त्याच वेळी भाऊ त्यांचा हात चोळत रडतोय हेही मला दिसत होतं. तो खरंच रडत होता, आणि त्याचाही मला राग आला.

थोड्या वेळाने धाकटा उठला. नाक पुसलं. मग काय केलं असेल त्याने? भिंतीपाशी गेला. अभ्यासवर्ग केलेला माणूस तो! त्याने बलस्थानातल्या अप्पांचा हात लिहिलेल्या तीनही चिठ्ठ्या काढल्या आणि कमकुवत बाजूंच्या चौकोनात नेऊन लावल्या. मी पुढे झाले आणि अप्पांचा शब्द लिहिलेली चिठ्ठी मी काढली. "ती कशाला?" तो म्हणाला. "माझी आहे," मी म्हटलं आणि तिचे तुकडे केले.

बलस्थानांच्या चौकोनात एकच चिठ्ठी उरली. धाकटा तिच्यासमोर उभा राहिला. त्याने ती परत वाचली, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग हळूच माझ्याकडे वळला.

"ताई," तो म्हणाला. आवाज एकदम मऊ. "तू एवढी वर्षं अप्पांजवळ बसतेस. रेघा तू आखतेस, रंग तू कालवतेस. बघून बघून थोडंफार तरी आलं असेल ना गं? एक अक्षर फक्त. बाई अकराला येतायत. नंतरचं नंतर बघू."

त्याची बायको डोळे पुसत माझ्याकडे बघायला लागली. काकांनीही मान वर केली.

"जमेल तिला," अप्पा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "मी शेजारी बसतो. मी शिकवीन."

मी शिकवीन! त्यांनी सगळा विचार केला होता. मी आज त्या काचेवर अक्षर काढलं असतं तर सगळे म्हणाले असते, काय गुरू आहे बघा, हात गेला तरी एका सकाळी पोरीला तयार केलं. आणि मी ओरडून खरं सांगितलं असतं तर? एका बाजूला मांडीवर निर्जीव हात घेऊन बसलेला म्हातारा, दुसऱ्या बाजूला कमकुवत बाजूत दोनदा चिकटवलेलं माझं तोंड. वडिलांचा हात जाऊन तास झाला नाही आणि ही वाटा मागतेय, असं म्हणाले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसणं काय असतं ते मला सहा वर्षं माहीत होतं, पण तोंड दाबणारा हात इतका जवळून मी त्या दिवशी पाहिला.

मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला.

"मला येत नाही," मी म्हटलं.

अप्पांनी डोळे उघडले.

"ताई, असं काय करतेस," धाकटा म्हणाला. "प्रयत्न तर कर."

"मी रंग कालवते आणि ब्रश धुते. इतकी वर्षं सगळं अप्पांनी केलं. कालपर्यंत तेच करत होते, तुझी बायकोच म्हणाली आत्ता. सोन्याचा वर्ख मी कधी हातात धरलेला नाही. माझं खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचार."

धाकटा अप्पांकडे वळला. "अप्पा? तुम्हाला माहीत असेल. तिला येतं का नाही?"

अप्पा माझ्याकडे बघत होते. माझ्या चौदाव्या वर्षापासून मी त्या डोळ्यांकडे बघून कळून घेत आले होते की रेघ चुकली की बरोबर आली. आता ते मला विनवत होते, आणि मी काही हलले नाही. येतं म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता, कधी शिकली, कुणाच्या पाट्यांवर शिकली. येत नाही म्हणाले तर बारा दारं गेली आणि दुकानात उरलं ते स्टिकरचं मशीन. मी त्यांना वेळ दिला. हवा तेवढा दिला.

त्यांनी शेजारचं फडकं उचललं आणि कोरडी बोटं पुसली.

"नाही," अप्पा म्हणाले. "तिला येत नाही."

काकांनी दाराकडे तोंड फिरवलं. धाकटा मटकन बाकावर बसला. बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, मग गाडीचं दार लागल्याचा, आणि मग दुकानाच्या काचेवर कुणीतरी बोटांनी टकटक केलं. अकराला अजून दहा मिनिटं होती.

"ताई, दार उघड ना," धाकटा म्हणाला. "काहीतरी सांग त्यांना."

"तू सांग," मी म्हटलं, आणि माझी कपड्यांची पिशवी भरायला माडीवर गेले.